तेरा वर्षांची मालकी

करंजाड्याच्या जुन्या गावठाणातल्या घराघरांत कागदांची एक पिशवी असते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, नाहीतर देव्हाऱ्यामागे ठेवलेली. बहुतेकदा पनवेलच्या एखाद्या कापड दुकानाची, तोंड रबराने आवळलेले. समोरचा माणूस खात्रीचा वाटला की पिशवी खाली येते आणि लादीवर कागद मांडले जातात. तळाला पिवळा पडलेला सातबारा. त्याच्यावर कूळकायद्याच्या कलम ३२-म चा दाखला. मग भूसंपादनाची नोटीस आणि निवाड्याची नक्कल. त्यावर वारसदाखले, बहिणींची हक्कसोडपत्रे, सिडकोचे वाटपपत्र, आणि सगळ्यांत वर त्रिपक्षीय करार. हे कागद तळापासून वरपर्यंत लावले की पनवेल तालुक्याचा साठ-सत्तर वर्षांचा आर्थिक इतिहास आपोआप क्रमाने लागतो. मीही तोच क्रम धरतो.

करंजाडे पनवेल शहराच्या दक्षिणेला, खाडीच्या अंगाला. आज तिथे सेक्टर आहेत, चार-सात मजल्यांच्या इमारतींच्या रांगा आहेत. पन्नास वर्षांपूर्वी तिथे भात होता. या भागातली जमीन दोन तऱ्हेची. गावाजवळची गोडी, खाडीकडची खारी. खाऱ्या जमिनीचा जीव बांधावर. भरतीचे पाणी अडवायला मातीचा बाहेरकाठा घालायचा, पावसाचे पाणी बाहेर सोडायला त्यात उघाडी ठेवायची, आणि दर उन्हाळ्यात सगळ्या गावाने मिळून तो बांध चिखलाने लिंपून घ्यायचा. बांधाला खांड पडली की एकाचे नुकसान होत नसे, सगळ्यांच्या खाचरांत खारे पाणी शिरे आणि पुढची दोन-तीन वर्षे तिथे भात धरत नसे. म्हणून बांधावरचे काम हे प्रत्येक घराचे देणे होते. आगरी माणसाच्या एकीचे कौतुक होते, तिचे मूळ या चिखलात आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

पैसा कमी होता. पण घरात येणारे सगळे पैशाने येत नव्हते. भात कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. थंडीत त्याच शेंगांची पोपटी लावायची. खाडीत निवट्या, कोलंबी, चिंबोऱ्या मिळत, त्यासाठी कोणाला भाडे द्यावे लागत नसे. बायका टोपलीभर भाजी किंवा मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात जात आणि मीठ-मिरची, तेल घेऊन परत येत. त्या टोपलीची नोंद सातबाऱ्यावर कधीच नव्हती. पुढे भरपाईचा हिशोब झाला तेव्हा ती कोणी मोजली नाही, आणि ही चूक मला या इतिहासातली सर्वांत मोठी वाटते. जमिनीचे क्षेत्र मोजले गेले. जमिनीमुळे घरात फुकट येणारे काय काय होते, ते मोजायला रकानाच नव्हता.

तळचा सातबारा ज्याच्या नावावर असे तो कसणारा नसे. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात खोत आणि सावकार मालक, कसणारा कूळ. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसता संप केला होता. खोती रद्द झाली ती स्वातंत्र्यानंतर. मग १९४८ चा कूळकायदा आणि त्यातल्या दुरुस्तीने ठरलेला १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. फुकट नाही. किंमत ठरायची, ती बारा वार्षिक हप्त्यांपर्यंत फेडायची मुभा होती, आणि फेड पुरी झाली की ३२-म चा दाखला हातात यायचा. पिशवीतला तळाहून दुसरा कागद तो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या घरांत ‘मालक’ हा शब्द या कागदाने आला.

आता तारखा पाहा. १९५७ ला मालकी. बारा हप्ते धरले तर फेड १९६९ च्या आसपास. आणि फेब्रुवारी १९७० मध्ये ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी संपादन करण्याची अधिसूचना निघाली.

तेरा वर्षे.

ही अधिसूचना एकाएकी आलेली नव्हती. मुंबई बेट दाटीने गुदमरत होते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून कल्पना मांडली, की मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला जुळे शहर उभे करावे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीचाही कल मुख्य भूमीवर वाढ नेण्याकडे होता. १७ मार्च १९७० ला हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सरकारने तिला बीजभांडवल दिले ३ कोटी ९५ लाख रुपये. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे नवी मुंबई शहर एवढ्या पैशांत होणार कसे, याचे उत्तर योजनेतच होते. जमीन शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते-पाणी घालून शहराच्या भावाने द्यायची, आणि मधल्या फरकातून शहर बांधायचे. जमीन हेच भांडवल.

कागदावर ही योजना नेटकी होती आणि तिच्यामागच्या माणसांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. वाढलेल्या किमतीचा फायदा दलालांच्या खिशात न जाता शहराच्या कामी यावा, ही कल्पना आजही पटते. पण ते भांडवल ज्यांच्याकडून आले, त्या सुरुवातीला ८६ आणि पुढे एकूण ९५ झालेल्या गावांतल्या शेतकऱ्यांना भागीदार म्हणून कुठे धरले गेले नाही. त्यांना भरपाई मिळणार होती, तीही १८९४ च्या इंग्रजी कायद्याने. आणि त्या कायद्यात किंमत अधिसूचनेच्या तारखेची. पुढे पाच, दहा, पंधरा वर्षांनी निवाडा झाला तरी मोजमाप १९७० चे.

करंजाड्यात तेव्हा लगेच काही झाले नाही. वाशी आधी, मग बेलापूर, नवीन पनवेल. पनवेलच्या दक्षिणेकडची गावे नकाशात रंगवलेली आणि प्रत्यक्षात भाताने भरलेली अशी कितीतरी वर्षे राहिली. सातबाऱ्यावर सरकारचे नाव, खाचरात जुनाच माणूस. यात गोडवा नव्हता. जमीन आपली नाही म्हणून तिच्यावर कर्ज मिळेना, विहीर पाडावी की नाही कळेना, बाहेरकाठ्याला चिखल घालायला माणसे पूर्वीसारखी जमेनात. उद्या जाणाऱ्या जमिनीचा बांध कोण लिंपणार? एकदा खांड पडली ती कायमची, अशी शेते या भागात बरीच होती. नंतर कोणीतरी येऊन म्हणाले, ही जमीन तर पडीकच होती. ती पडीक कशी झाली, ते पाहायला हवे.

या सगळ्याला तोंड फुटले ते जानेवारी १९८४ मध्ये. न्हावा-शेवा बंदराच्या संपादनाविरुद्ध आणि तुटपुंज्या भावाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जासईत जन्मलेले, पनवेलमधून १९५७ पासून विधानसभेवर निवडून येणारे, शेकापचे वकील पुढारी. म्हणजे ज्या वर्षी कूळ मालक झाला त्याच वर्षी हा माणूस त्यांचा आमदार झाला होता. १६ आणि १७ जानेवारीला दास्तान फाटा आणि न्हावा-शेवा परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. पाचही उरण तालुक्याचे. करंजाड्याचे कोणी त्यांत नव्हते, पण आज करंजाड्यात ज्या ज्या जुन्या घराला भूखंड आहे तो त्या पाच जणांच्या रक्ताशी जोडलेला आहे. कारण त्या लढ्यानंतरच साडेबारा टक्क्यांची योजना आली. ६ मार्च १९९० चा शासननिर्णय, आणि त्यात सुधारणा करणारा २८ ऑक्टोबर १९९४ चा. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत. १९७० पासून ज्यांची जमीन गेली त्यांनाही. भारतात त्या काळी असे फारसे कुठे झाले नव्हते. भरपाई घेऊन मोकळा झालेला शेतकरी शहराच्या किमतीत थोडा का होईना वाटेकरी झाला.

थोडा म्हणजे किती, हे गुंठ्यांत सांगतो, कारण गावात हिशोब गुंठ्यांतच होतो. एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातले तीस टक्के रस्ते, शाळा, मैदाने अशा सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात. राहिले साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौरस मीटर. दीड चटईक्षेत्र धरले तर त्यावर सुमारे ५,७०० चौरस फूट बांधकाम होते. बांधायला शेतकऱ्याकडे पैसा नाही, म्हणून बिल्डर येतो. समजा निम्मे-निम्मे ठरले. शेतकऱ्याकडे २,८५० फूट. साडेपाचशे फुटांची पाच घरे.

आता ज्याच्या नावावर १९७० मध्ये तो एकर होता, तो माणूस भूखंड येईपर्यंत हयात नाही. मागे चार मुलगे, तीन मुली. सात वारस आणि पाच घरे.

पुस्तकात ज्याला जमिनीचे मूल्यवर्धन म्हणतात, ते गावातल्या एका घरात उतरते तेव्हा असे दिसते. यात खोटे काही नाही. एका एकर भातशेतीने कधी दिला नसता एवढा पैसा त्या पाच घरांत आहे. पण भात दरवर्षी सातही तोंडांत जात होता, आणि पाच घरे सात जणांत वाटताना पहिल्यांदा कागदावर रेघ मारावी लागली.

वारसांच्या बाबतीत एक गोष्ट बाहेरच्यांच्या फारशी लक्षात येत नाही. शेती होती तोवर बहिणीचा हक्क म्हणजे भाऊबीजेची साडी, माहेरचे तांदूळ, लग्नाकार्यातला मान. तिने वाटा मागायचा नाही आणि भावाने तिला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, असा तो न लिहिलेला करार होता. भूखंडाची फाइल सुरू झाली आणि वारसदाखल्यावर तिचे नाव लागले. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलगी मुलाच्या बरोबरीने हिस्सेदार झाली. आता तिच्या सहीशिवाय फाइल हलेना. पन्नाशी उलटलेल्या बाया, ज्यांनी आयुष्यात बँकेत सही केली नव्हती, त्यांना भाऊ गाडीत घालून निबंधकाच्या कार्यालयात नेऊ लागले. पुष्कळींनी हक्कसोडपत्रावर अंगठा दिला, माहेर तुटायला नको म्हणून. काहींनी नाही दिला. ज्यांनी नाही दिला त्यांना गावात बोल लागले, आणि त्यांच्यातल्या कितीतरी घरांत आज त्याच पैशावर नातवाचे शिक्षण चालू आहे. त्यांचे पाऊल बरोबर होते असे मी मानतो. शहर येण्याने या भागातल्या बाईला जे थोडे मिळाले, त्यात ही सहीची किंमत सर्वांत वर आहे.

भूमिहीनांचे काय? योजनेत त्यांच्यासाठीही ओळ होती. शेतमजूर, बारा बलुतेदार, मिठागर कामगार यांना ४० चौरस मीटरच्या भूखंडाची तरतूद. पण जमीनमालकाकडे निदान सातबारा होता. मिठागरावर तीस वर्षे फावडे ओढलेल्याकडे, गावात जाळी विणून देणाऱ्याकडे पुरावा कुठला? ज्याची कमाई कागदावर कधी चढली नाही, त्याला कागदावरून हक्क मिळवणे सर्वांत कठीण गेले.

भूखंड हातात येण्याआधी मधे वर्षे जात. पात्रता ठरायची, संकलनाच्या यादीत नाव लागायचे, सोडत निघायची, मग वाटपपत्र, मग भाडेपट्ट्याचा करार. शिवाय वाढीव भरपाईसाठी कोणी कोर्टात गेले असेल तर त्या वाढीव रकमेचा भार मावेजा म्हणून भूखंडावर चढायचा. या मधल्या वर्षांत घरात लग्न निघे, आजारपण येई, कोणाला गाडी घ्यायची असे. मग फाइलच विकली जायची. अजून न दिसलेल्या, कुठल्या सेक्टरात पडणार हे न कळलेल्या भूखंडाचा हक्क. भाव ठरवणारा एक असे आणि गरज असणारे पुष्कळ. नोटरीचा शिक्का, कुलमुखत्यारपत्र, काही रोख. दहा वर्षांनी त्याच भूखंडावर इमारत उभी राहिली तेव्हा तिची किंमत ऐकून ती फाइल विकणाऱ्याचे घर बरेच दिवस शांत बसे.

‘पैसा आला आणि उडवला’ असे पनवेल-नवी मुंबईच्या गावांबद्दल सहज बोलले जाते. हळदीला डीजे, अंगावर सोने, दारात मोठी गाडी. हे दिसते, कारण ते दाखवण्यासाठीच असते. जे दिसत नाही ते जास्त आहे. कौलारू घरे पक्की झाली, डोक्यावरची सावकाराची देणी फिटली, पोरे इंजिनीअरिंगला गेली, आईवडिलांची ऑपरेशने झाली. आणि ज्या माणसाच्या तीन पिढ्यांनी एकरकमी दहा हजार रुपये पाहिले नव्हते, त्याच्या हातात काही लाख देताना कोणी गुंतवणुकीचा एक सल्लागार तरी त्याच्या ओट्यावर बसवला होता का? सिडकोत नगररचनाकार होते, अभियंते होते. येणारा पैसा टिकवायचा कसा हे सांगणारे खाते नव्हते. दोष हळदीवर टाकणे सोपे आहे.

करंजाड्यात इमारती दिसू लागल्या त्या २०१० च्या सुमारास. त्याआधी आजूबाजूला बरेच घडून गेले होते. १९८९ ला न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, १९९८ ला लोकल पनवेलपर्यंत आली, २००२ पर्यंत पुण्याचा द्रुतगती मार्ग पुरा झाला. पनवेल हे एकेकाळचे तांदळाच्या बाजाराचे गाव सगळ्या रस्त्यांचे तोंड झाले. खारघर-कामोठ्याचे भाव ज्यांना परवडत नव्हते ते करंजाड्याकडे वळले. मुंबईच्या चाळीतून निघालेली कुटुंबे, बंदरावरचे कंटेनरचालक, तळोजा औद्योगिक वसाहतीतले कामगार, साताऱ्या-सोलापूरकडून नोकरीला आलेली मुले.

या बांधकामाच्या दशकात गावच्या तरुणांना एक धंदा मिळाला. इमारत तुमची, पण रेती, खडी, विटा, भराव आणि पाण्याचा टँकर आमचा, असा गावांचा आग्रह असे. बिल्डरांनी याला दांडगाई म्हटले. काही ठिकाणी ती होतीही. पण जमीन गेलेल्या गावाने आपल्या जमिनीवरच्या कामात वाटा मागावा यात मला गैर काही दिसत नाही. डंपर आले, जेसीबी आले, बहुतेक कर्जावर. बापाने बांध घातला, मुलगा भराव टाकू लागला. चार-पाच वर्षे घरात चांगला पैसा आला.

अडचण अशी, की इमारत एकदाच बांधली जाते. सेक्टर भरत आला की रेतीची मागणी संपते आणि बँकेचा हप्ता राहतो. त्यात नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली, मे २०१७ पासून महारेरा, त्याच जुलैत जीएसटी. ज्या धंद्यात निम्मा व्यवहार रोखीचा होता तो एका हिवाळ्यात गारठला. अर्धवट इमारती उघड्या गजांसह पावसात उभ्या राहिल्या, आणि त्यांना माल पुरवलेल्यांचे पैसे अडकले. जे तरुण या काळात टिकले त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते. ज्याच्या आईने किंवा आजीने हट्टाने दोन खोल्या विकू न देता भाड्याने ठेवायला लावल्या होत्या, तो तरला. भाडे महिन्याच्या महिन्याला येते. भाताच्या जवळ जाणारी शहरातली कमाई हीच एक. जमिनीवर वाढलेल्या बायकांना ते कोणी शिकवायला लागले नाही.

नव्या माणसांनी गावाला काय दिले? दुकानाला गिऱ्हाईक दिले. सकाळच्या पोहे-चहाच्या गाडीपासून शिकवणीच्या वर्गापर्यंत आणि रिक्षाथांब्यापासून दवाखान्यापर्यंत जे उभे आहे ते त्यांच्या पगारावर. त्यांच्या घरी धुणे-भांडी, स्वयंपाक करायला ज्या बायका जातात त्यांतल्या काही याच मातीतल्या आहेत, हेही सांगायला हवे. आणि या नव्या माणसांनाही करंजाडे स्वस्तात पडलेले नाही. त्यांनी वीस-वीस वर्षांचे कर्ज काढून घर घेतले आणि नळाला पाणी पुरेसे येईना. उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात. पाइप गच्चीकडे नाही, जमिनीखालच्या टाकीत सोडलेला असतो, वॉचमन काठीने टाकीतली पातळी बघतो, आणि वहीत टँकरचा नंबर आणि वेळ लिहितो. महिनाअखेरीस त्या वहीवरून देखभालखर्च वाढतो. घर घेताना सांगितलेल्या किमतीत हा खर्च नव्हता. पाण्यासाठी सिडकोच्या दारावर मोर्चे गेले, त्यांत गावठाणातले आणि सेक्टरातले बरोबरीने चालले. तोवर एकमेकांना ‘गाववाले’ आणि ‘बिल्डिंगवाले’ म्हणणारी ही माणसे हंड्याने जवळ आणली.

कारभाराचा तिढा वेगळाच. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली, तिच्यात २९ गावे घेतली, करंजाडे बाहेर राहिले. म्हणजे हजारो सदनिकांच्या वस्तीवर ग्रामपंचायत आणि सिडको अशी दुहेरी घडी. घरपट्टी एकीकडे, पाणी-रस्ते दुसरीकडे. ग्रामपंचायतीची रचना ज्या गावासाठी झाली त्यात प्रत्येकजण एकमेकाला ओळखत होता. नव्या मतदारांची संख्या जुन्या गावापेक्षा कितीतरी मोठी. जमीन गेली, आता आपल्याच गावात मतानेही आपण थोडे राहिलो, ही जुन्या माणसांच्या मनातली सल खरी आहे. तिला संकुचितपणा म्हणून झटकू नये.

आणि मग नवी मुंबईचा विमानतळ. त्याच्या धावपट्टीसाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले, दहा गावे उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही ही करंजाड्याची शेजारची गावे त्यांत होती. त्यांच्या कितीतरी कुटुंबांची नवी घरे वडघर-करंजाडे भागातल्या पुनर्वसनाच्या भूखंडांवर उभी राहिली. या वेळी १ मार्च २०१४ च्या निर्णयाने मोबदला साडेबावीस टक्क्यांवर गेला. घराच्या बदल्यात घरासाठी मोठा भूखंड मिळाला. शेजारीशेजारी राहणाऱ्या दोन घरांत एकाला साडेबारा, एकाला साडेबावीस. आणि पनवेलच्या पूर्वेकडे, २०१३ पासून विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या नियोजन क्षेत्रात गेलेल्या गावांत, नगररचना योजनेत मालकाला चाळीस टक्के जमीन परत मिळते. तिथे रोख भरपाई नाही, लोकांचा विरोधही मोठा आहे, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करता येत नाही. तरी करंजाड्याचा म्हातारा माणूस ती करतो. साडेबारा, साडेबावीस, चाळीस. ज्याने आधी दिले त्याला सर्वांत कमी मिळाले. मुंबईची गरज त्याने सर्वांत आधी भागवली, आणि नंतरच्यांना चांगला भाव मिळावा म्हणून लढलाही तोच.

दुसरी वाट नव्हती असे नाही. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र ठेवली, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि शहर स्वतः बांधले. तिथे पुढारपण करणारे कुटुंब सधन होते, जमीन सलग होती, आणि काळ १९७० चा नव्हता. आठ-दहा गुंठ्यांच्या खाचरांत विभागलेल्या, बारा हप्ते फेडून नुकत्याच मालक झालेल्या करंजाड्याच्या माणसाला ते जमले असते का, सांगवत नाही. पण बाहेरकाठा मिळून बांधणाऱ्या गावाला जमीन मिळून सांभाळणे अगदीच परके नसते, एवढे मला वाटते. त्याला कोणी विचारलेच नाही.

विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून २४ जून २०२१ ला, त्यांच्या स्मृतिदिनी, या गावांतून माणसे बेलापूरला सिडको भवनावर गेली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. भाडी वाढतील, फ्लॅटचे भाव वाढतील, हॉटेले येतील असे सगळे म्हणतात, आणि वाढतीलही. ज्याने खोली राखली त्याला त्याचा फायदा होईल. ज्याने फाइल विकली त्याचा मुलगा विमानतळावर नोकरीसाठी अर्ज घेऊन रांगेत आहे.

आता पिशवीतला सर्वांत वरचा कागद. त्रिपक्षीय करार, सिडको, मूळ शेतकरी आणि बिल्डर यांच्यातला. पाने बरीच आहेत. मागच्या वेळी एका घरी ती चाळत होतो तेव्हा त्या घरातल्या बारावीत शिकणाऱ्या मुलीने मोबाइलवरून मान वर करून विचारले, काका, यात आपण कोण? मी बोट ठेवून दाखवले. भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला आहे. पट्टा देणारी सिडको, आणि तिच्या आजोबांचे नाव पट्टेदाराच्या रकान्यात. तिने खालचा पिवळा कागद ओढला, ३२-म चा, त्यावरचे पणजोबांचे नाव वाचले, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मोबाइलवर त्यांचा फोटो काढला.